तिहेरी ब्रॉडबँड सेवा

तिहेरी ब्रॉडबँड सेवा किंवा ट्रिपल प्ले म्हणजे आंतरजाल, स्थिर दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी या तीन सेवा एकाच जोडणीवरून व एकाच देयकावर पुरवण्याची पद्धत होय. पूर्वी या तीन सेवांसाठी घरात तीन वेगळ्या तारा येत असत आणि तीन वेगळ्या व्यवस्थांशी व्यवहार करावा लागे. प्रकाशीय तंतूमुळे त्या एकत्र आल्या. त्याबरोबर तिन्ही सेवांचे भवितव्यही एकाच तारेशी बांधले गेले. शहरात ही बाब सहसा जाणवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यासारख्या वनप्रदेशाला लागून असलेल्या तालुक्यात मात्र ती महत्त्वाची ठरते.

== कार्यपद्धती ==

घरापर्यंत प्रकाशीय तंतू नेणाऱ्या जाळ्यांत प्रामुख्याने जीपॉन हे तंत्रज्ञान वापरले जाते. दूरध्वनी केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत विभाजकाद्वारे अनेक घरांत वाटला जातो. विभाजक हा काचेचा साधा घटक असून त्याला वीज लागत नाही. केंद्राकडून ग्राहकाकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि उलट जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक होते. जीपॉनची एकूण क्षमता ग्राहकाकडे येताना सुमारे २.५ गिगाबिट प्रतिसेकंद आणि उलट दिशेने सुमारे १.२५ गिगाबिट प्रतिसेकंद असते. ती विभाजकावरील सर्व घरांत वाटली जाते.

घरातील ओएनटी नावाची पेटी प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करते. तिला संगणक, दूरध्वनी संच आणि सेट-टॉप बॉक्स जोडता येतात. तिन्ही सेवांच्या गरजा सारख्या नाहीत. दूरध्वनी संभाषणाला १०० किलोबिट प्रतिसेकंदाहूनही कमी क्षमता पुरते, पण विलंब अजिबात खपत नाही. म्हणून आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम दिला जातो. दूरचित्रवाणीचे उलट आहे. तिला क्षमता बरीच लागते, पण एकच वाहिनी अनेक घरे पाहत असतील तर तिची एकच प्रत विभाजकापर्यंत पाठवून भागते. या पद्धतीस मल्टिकास्ट म्हणतात. काही ठिकाणी दूरचित्रवाणी आंतरजाल प्रणालीऐवजी त्याच तंतूतून १५५० नॅनोमीटरच्या तिसऱ्या तरंगलांबीवर, नेहमीच्या केबल संकेतांच्या स्वरूपात सोडली जाते.

== विकास ==

इटलीतील मिलान शहरात १९९९ मध्ये स्थापन झालेली फास्टवेब ही कंपनी या सेवेच्या आरंभीच्या पुरवठादारांपैकी एक मानली जाते. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद हा किमान वेग ठरवला. जानेवारी २०२३ पासून ही मर्यादा २ मेगाबिट आहे. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम लिमिटेड (बीएसएनएल) आणि महानगर टेलिफोन निगम लिमिटेड (एमटीएनएल) यांनी तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले. मुंबई व दिल्लीत एमटीएनएलने २००६ मध्ये त्याच तारेवरून दूरचित्रवाणीही देऊ केली. तिसऱ्या सेवेला तांब्याची तार अपुरी पडे. केंद्रापासूनचे अंतर वाढले की वेग घटत असल्याने हा प्रयोग मर्यादित राहिला.

आंतरजालावरील दूरचित्रवाणीसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २००८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. खऱ्या अर्थाने एकत्रित सेवा रुजली ती घरोघरी तंतू पोहोचू लागल्यावर. जिओ फायबरची व्यावसायिक सेवा ५ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. बीएसएनएलने २०२४ मध्ये तंतूवरील ग्राहकांसाठी आयएफटीव्ही ही दूरचित्रवाणी सेवा आणली. तिच्यावरील वाहिन्या पाहताना ग्राहकाचा डेटा खर्ची पडत नाही.

== राजुरा व वनप्रदेश ==

राजुरा हे वर्धा नदीच्या पलीकडे, बल्लारपूरच्या दक्षिणेस वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. परिसरात कोळसा खाणी आहेत. दक्षिण व पश्चिमेला माणिकगडच्या डोंगररांगा आणि पुढे तेलंगणाची सीमा लागते.

गावांना तंतू जोडण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र शासनाने 'महानेट' या नावाने काम हाती घेतले. योजनेचे एकक ग्रामपंचायत हे असल्याने मैदानी गावात तंतू कार्यालयापर्यंत आला की घरे जवळच असतात. जिवतीच्या डोंगराळ भागात मात्र एका गट ग्रामपंचायतीत अनेक विखुरलेले गुडे येतात. कार्यालयातील जोडणी आणि गुड्यातील घर यांमधले अंतर जंगलातून पार करावे लागते, आणि तिथे मोजक्या ग्राहकांसाठी तार ओढणे खासगी पुरवठादारास परवडत नाही. अशा घरांत आजही तिन्ही सेवा सुट्याच असतात: बोलणे व आंतरजाल भ्रमणध्वनीवर, तर दूरचित्रवाणी छतावरच्या तबकडीवर. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नसल्याने तिच्याशी स्पर्धा करणे एकत्रित सेवेस अवघड जाते.

तंतू टाकण्यात वनकायदा हा मुख्य अडथळा असल्याचे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अस्तित्वातील रस्त्याच्या हद्दीत, झाडे न तोडता, दोन मीटर खोल व एक मीटर रुंद या मर्यादेतील चरातून भूमिगत तार टाकण्यास केंद्राने सर्वसाधारण मान्यता दिलेली आहे. ती राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांना लागू नाही. दुसरीकडे, रस्त्याच्या कडेने गेलेली तारच रस्ता रुंदीकरणात जेसीबीखाली सापडते. खोदकामापूर्वी तार असलेल्या संस्थेला कळवता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू करण्यात आले.

== वीज व आपत्कालीन संपर्क ==

तांब्याच्या जुन्या दूरध्वनीला केंद्रातील विद्युतघटांतून ४८ व्होल्टचा पुरवठा तारेतूनच मिळे. गावातील वीज गेली तरी फोन चालू राही. प्रकाशीय तंतू वीज वाहून नेत नाही. ओएनटीला घरातील वीज लागते, आणि ती गेली की फोन, आंतरजाल व दूरचित्रवाणी एकदमच बंद पडतात. ओएनटीला लहान बॅटरी जोडणे हा स्वस्त उपाय आहे. तो योजनेचा भाग नसल्यास ग्राहकालाच करावा लागतो.

२०२२ च्या पावसाळ्यात वर्धा नदीच्या पुरामुळे बल्लारपूर–राजुरा मार्ग बंद पडला होता. अशा वेळी १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत मागण्याची गरज सर्वाधिक असते, आणि त्याच वेळी वीजही खंडित होण्याची शक्यता असते. म्हणून घरातील भ्रमणध्वनीला एकत्रित सेवेचा पर्याय न मानता तिची जोड मानणे अधिक सुरक्षित होय.

== ग्राहकाच्या दृष्टीने ==

एकत्रित योजनेत प्रत्येक सेवेची स्वतंत्र किंमत सहसा स्पष्ट दिसत नाही. दूरध्वनी 'मोफत' म्हटला जातो. त्याचा खर्च आंतरजालाच्या भाड्यात धरलेला असतो. भ्रमणध्वनीचा क्रमांक कायम ठेवून पुरवठादार बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, पण स्थिर दूरध्वनीसाठी ती लागू झालेली नाही. राजुऱ्याच्या ०७१७३ या संकेतांकाचा जुना क्रमांक दुकानाच्या पाटीवर असलेला व्यापारी त्यामुळे केवळ वेगासाठी पुरवठादार बदलायला कचरतो.

वाहिन्यांची निवड हाही सीमावर्ती भागातला वेगळा प्रश्न आहे. येथे मराठीबरोबर तेलुगू, हिंदी, गोंडी व कोलामी बोलणारी कुटुंबे आहेत. महाराष्ट्रासाठी बांधलेल्या वाहिनीसंचात तेलुगू वाहिन्या असतीलच असे नाही. केबल व डीटीएचवर २०१९ पासून सुट्या वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आंतरजाल योजनेबरोबर ॲपद्वारे मिळणाऱ्या वाहिन्यांचा संच मात्र पुरवठादारच ठरवतो.