संमतिपत्रक, वैद्यकीय संशोधनातील

वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीस प्रयोगाचा हेतू, पद्धती, संभाव्य लाभ व धोके, तसेच नकार देण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा अधिकार समजावून देणारे आणि त्यानंतर तिची अनुमती नोंदविणारे लेखी साधन. यात माहिती देणे व सही घेणे ही दोन कार्ये एकत्र आलेली आहेत. त्यांपैकी दुसरे सोपे असल्याने पहिल्याकडे दुर्लक्ष होत आले, असे या साधनाच्या इतिहासावरून दिसते.

क्यूबातील हाव्हानाजवळ अमेरिकन सैन्याच्या पीतज्वर आयोगाने १९०० साली वापरलेला करार हे लेखी संमतीचे एक आद्य उदाहरण मानले जाते. डासांमुळे पीतज्वर पसरतो, हे कार्लोस फिन्लाय यांचे मत पडताळून पाहण्यासाठी वॉल्टर रीड यांना निरोगी माणसांना डास चाववून घ्यावयाचे होते. त्यासाठी स्पेनमधून नुकतेच आलेले मजूर निवडण्यात आले. करार इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत होता. सहभागाबद्दल शंभर डॉलर आणि आजार झाल्यास आणखी शंभर डॉलर सोन्याच्या नाण्यांत मिळावयाचे होते. परवानगीवाचून छावणी सोडल्यास मात्र या रकमेवरील हक्क जाई. सही करणाऱ्याच्या मातृभाषेत मजकूर देणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. तथापि त्यातील धोक्याचे वर्णन सौम्य होते : प्राणाला काही प्रमाणात धोका आहे एवढेच सांगून, बेटावर राहणाऱ्याला हा आजार टाळता येणे शक्यच नाही, असे पुढे जोडलेले होते. भाषा कळली, तरी वजन कोणत्या पारड्यात टाकले आहे, हे वाचणाऱ्याला कळण्यासारखे नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशियाच्या शासनाने, दुष्परिणामांची योग्य कल्पना दिल्याशिवाय रुग्णालयांत प्रयोग करू नयेत, असा आदेश काढला. ब्रेस्लौ येथील आल्बेर्ट नायसर यांनी उपदंशाच्या रुग्णांची रक्तलस वेश्यांना न सांगता टोचल्याचे प्रकरण त्यामागे होते. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतरची न्यूरेंबर्ग संहिता (१९४७) व जागतिक वैद्यक संघटनेची हेलसिंकी घोषणा (१९६४) यांनी ऐच्छिक संमतीचे तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडले.

अमेरिकेतील अ‍ॅलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात चाललेला अभ्यास या विषयात वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना त्यात घेतले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो, हे पाहावयाचे होते. सहभागी लोकांना मात्र ‘दूषित रक्ता’वर इलाज चालला आहे, असे सांगितले जाई. पाठीच्या कण्यातील द्रव सुईने काढण्याची तपासणी करावयाची तेव्हा, विशेष मोफत उपचाराची ही अखेरची संधी आहे, अशी पत्रे पाठविण्यात आली. या पत्रांची भाषा सोपी, आपुलकीची व सहज समजणारी होती. खोटा होता तो मजकूर. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते या लोकांना दिले गेले नाही. सुबोधता हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

हा अभ्यास उघडकीस आल्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या बेलमाँट अहवालात (१९७९) माहिती, आकलन व स्वेच्छा असे संमतीचे तीन घटक वेगळे करण्यात आले. आकलन झाले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी संशोधकावर आली. पॉल अ‍ॅपेलबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले, की चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरलेला उपचार हा आपल्या गरजेनुसार डॉक्टरांनी निवडला आहे, असे अनेक सहभागी समजत. गँबियात एका लशीच्या चाचणीनंतर (१९९९ मध्ये प्रसिद्ध) केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के पालकांना लशीचा उद्देश ठाऊक होता. काही मुलांना तुलनेसाठी वेगळी टोचणी दिली जाते, हे मात्र जेमतेम १० टक्क्यांना कळले होते. अमेरिकेतील ११४ वैद्यकीय महाविद्यालयांचे नमुना-मजकूर २००३ मध्ये तपासले असता, ते त्या संस्थांनीच ठरविलेल्या वाचनपातळीहून सरासरी जवळजवळ तीन इयत्ता अवघड आढळले. दृक्‌श्राव्य साधनांवर बरीच भिस्त ठेवली गेली. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात त्यांचा लाभ मर्यादित दिसला आणि समोर बसून अधिक वेळ बोलणे हाच उपाय सर्वांत परिणामकारक ठरला.

भारतात २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रायोगिक प्रकल्प त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत राबविण्यात आला. संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते, तर २,७६३ वर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. मुलींचे आईवडील दूरच्या आदिवासी पाड्यांवर होते. पत्रक कितीही सुबोध असले, तरी ते ज्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे ते समोर नसतील तर उपयोग नाही. दुर्बल गटांतील व्यक्तींवर नव्या औषधद्रव्याची चाचणी करताना संमतीची सर्व बोलणी चित्रमुद्रित करण्याचे बंधन पुढे भारतात आले. एचआयव्ही व कुष्ठरोगावरील औषधांबाबत ओळख उघड होऊ नये म्हणून केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे मानले जाते. निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो.

संमतिपत्रक सहभागी व्यक्तीच्या भाषेत असावे, हा दंडक महाराष्ट्रातील चाचण्यांनाही लागू आहे. मराठीतील अडचण शब्दांच्या अभावाची नाही. ‘यादृच्छिक नियतन’ हा परिभाषाकोशात अचूक ठरणारा शब्द शेतमजूर स्त्रीला काहीच सांगत नाही. नाणेफेकीची उपमा तिला लगेच कळते, पण आपला इलाज जुगारावर सोपविला आहे, असाही तिचा समज होऊ शकतो. म्हणून दोन्ही औषधांपैकी कोणते गुणकारी हे डॉक्टरांनाच अजून ठाऊक नाही, हे आधी सांगावे लागते.