ट्रॅक्टर लोडरच्या बकेटला हूक कसे बसवतात?

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरचे मूळ काम माती, खडी, शेणखत भरणे आणि ओतणे. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत त्याच लोडरकडून उचल्याचेही काम करून घेतले जाते. विहिरीवरचा पंप, सिमेंटचा पाईप, विजेचा खांब, पाण्याची टाकी किंवा पावसात आडवे झालेले झाड, यांपैकी काहीही उचलायचे असले की बकेटला साखळी बांधली जाते. छोट्या कामासाठी क्रेन मागवणे परवडत नाही आणि ती बांधावरून शेतात पोहोचेलच असेही नाही. साखळी नीट अडकावी म्हणून बकेटवर हूक बसवतात. जागा, हूक आणि वेल्डिंग योग्य असेल तर ही सोय उपयोगाची ठरते. यातले एक जरी चुकले तर ती जिवावर बेतू शकते.

हूक बकेटवर कुठे बसवावा?

हूक बकेटच्या वरच्या काठावर बसवतात. बहुतेक बकेटमध्ये हा काठ दुमडलेला किंवा चौकोनी पाईप लावून मजबूत केलेला असतो. खालच्या पात्यावर हूक बसवू नये. पाते झिजू नये म्हणून ते कडक पोलादाचे बनवतात आणि अशा पोलादावर साधे वेल्डिंग केले तर शेजारी तडा जाण्याचा धोका असतो. शिवाय पात्याला टांगलेले वजन ट्रॅक्टरपासून अधिक लांब जाते.

एकच हूक असेल तर तो काठाच्या बरोबर मध्यावर हवा. दोन हूक असतील तर मध्यापासून सारख्या अंतरावर, शक्यतो लोडरच्या दोन बाहूंच्या रेषेत असावेत. एका कोपऱ्यावरच्या हूकाने वजन उचलले की एका बाहूवर जास्त ताण येतो आणि बकेट पिळली जाते.

जागा पक्की करण्याआधी बकेट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे झुकवून पाहावी. कोणत्याही स्थितीत साखळी हूकातून निसटता कामा नये. हूक बॉनेटला, हायड्रॉलिक होजला किंवा बाहूला लागताही कामा नये.

कोणता हूक घ्यावा?

वजन उचलण्यासाठी बनवलेला, घडीव पोलादाचा हूक घ्यावा. त्यावर किती वजन सुरक्षितपणे उचलता येईल हे कोरलेले असते. वेल्डिंगने बसवायचे हूक वेगळे मिळतात, तेच वापरावेत. पट्टा किंवा दोर लावायचा असेल तर तोंडाला स्प्रिंगची पट्टी असलेला हूक हवा.

बांधकामातली उरलेली सळई गरम करून वाकवायची आणि बकेटला चिकटवायची, हा प्रकार टाळावा. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते. उष्णता दिली की तो थर बिघडतो. दिसायला जाड असलेली अशी कडी किती वजन पेलेल हे कोणालाच सांगता येत नाही.

वेल्डिंग की नट-बोल्ट?

नट-बोल्टने बसवलेला हूक झिजल्यावर बदलता येतो. त्यासाठी ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरावेत आणि पत्र्याच्या मागून जाड पट्टी द्यावी, नाहीतर भोकाजवळचा पत्रा फाटतो. वेल्डिंग करायचे असेल तर आधी १० ते १२ मिलिमीटर जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी काठावर वेल्ड करतात आणि तिच्यावर हूक. त्यामुळे ताण एका बिंदूवर न येता पसरतो.

वर्कशॉपमध्ये पुढील गोष्टी पाहाव्यात:

- रंग, गंज आणि ग्रीस घासून धातू उघडा केलेला असावा.
- साध्या रॉडऐवजी ७०१८ प्रकारचा रॉड वापरावा. हा रॉड कोरडा असावा लागतो. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडा राहिलेला रॉड भट्टीत तापवूनच घ्यावा, कारण ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरून नंतर तडा पाडतो.
- वेल्डिंगआधी बॅटरीची केबल काढावी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना कडक उत्सर्जन नियम लागू झाले आणि त्यांपैकी अनेकांत इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. ते विजेच्या झटक्याने निकामी होऊ शकते.
- अर्थिंगचा क्लॅम्प बकेटवरच, जोडाच्या जवळ लावावा. तो चेसिसला लावला तर प्रवाह पिना आणि हायड्रॉलिक सिलिंडरमधून जातो.
- बकेट काढून जमिनीवर ठेवून काम केले तर सर्वांत चांगले.
- जोड आपोआप थंड होऊ द्यावा. त्यावर पाणी ओतू नये.

किती वजन उचलता येईल?

हूकावर दोन टन कोरले आहे म्हणून ट्रॅक्टर दोन टन उचलेल असे नाही. हूक, साखळी, लोडर आणि ट्रॅक्टर यांत ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच खरी मर्यादा.

पुढचा आस तराजूच्या काट्यासारखा काम करतो. समजा, दोन आसांत २ मीटर अंतर आहे आणि ५०० किलोचे वजन पुढच्या आसापासून १.५ मीटर पुढे टांगले आहे. तेव्हा मागच्या चाकांवरचा भार ३७५ किलोने घटतो आणि पुढच्या आसावर ८७५ किलो वाढतात. तेच वजन २ मीटर पुढे गेले तर मागचा भार ५०० किलोने कमी होतो आणि पुढच्या आसावर १,००० किलोची भर पडते. लोडरचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. म्हणूनच मागे वजन बांधणे आवश्यक असते. मागची चाके हलकी झाली की ब्रेकही नीट लागत नाही.

साखळीच्या कोनानेही फरक पडतो. ४०० किलोचे वजन दोन साखळ्यांनी उचलताना साखळी आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येकीवर सुमारे २३१ किलोचा ताण येतो. ४५ अंशांना तो २८३ किलो होतो आणि ३० अंशांना थेट ४०० किलो. साखळी जितकी पसरट, तितका ताण जास्त.

वापरताना घ्यायची काळजी

पहिल्यांदा हलके वजन जमिनीपासून वीतभर उचलून थांबावे, खाली ठेवावे आणि जोड तपासावा. वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे. जोडाशेजारी रंगाला बारीक चीर किंवा गंजाची रेघ दिसली तर काम थांबवावे. तोंड उघडलेला, पिळलेला किंवा झिजलेला हूक ठोकून सरळ करू नये, बदलावा.

टांगलेले वजन घेऊन जाताना ते जमिनीलगत ठेवावे आणि चाल सावकाश असावी. भातखाचराची ओली जमीन एका चाकाखाली खचली तरी झोके घेणारे वजन ट्रॅक्टरला आडवे पाडू शकते. उतारावर आडवे जाऊ नये. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांखाली बकेट उचलू नये. वजन फिरू नये म्हणून त्याला लांब दोर बांधून दुरून धरावा. वजनाखाली किंवा बकेटमध्ये माणूस कधीही नसावा. गाळात रुतलेले वाहन हूकाला बांधून हिसक्याने ओढू नये. त्या झटक्याचा ताण वाहनाच्या वजनाहूनही जास्त होऊ शकतो.

बांधकामाच्या ठिकाणी वजन उचलायचे असेल तर बाब कायद्याच्या कक्षेत येते. कामगार सुरक्षेच्या नियमांनुसार उचलणारी यंत्रे, साखळ्या आणि हूक यांची सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते.

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ दरम्यानच्या रात्री शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा मृत्यू झाला. त्या यंत्राची आणि शेतातल्या लोडरची तुलना होत नाही. पण टांगलेल्या वजनाखाली माणूस असू नये हा नियम दोन्हीकडे तोच आहे. उचलायचे वजन किती आहे याचा अंदाज येत नसेल, किंवा उचलताना मागची चाके हलकी होताना दिसली, तर वजन खाली ठेवून क्रेन मागवावी.