‘तुम्ही त्यांच्या पत्नी, हे कशावरून?’ : अमेरिकी यादवीतील सैनिकांची कुटुंबे आणि पेन्शनचे कागद

१/
अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांतील बहुसंख्य कालपर्यंत गुलाम होते. असा सैनिक मरण पावला की त्याच्या पत्नीने पेन्शनचा अर्ज करावयाचा आणि अर्जासोबत विवाहाचा पुरावा जोडावयाचा. परंतु दक्षिणेतील राज्यांच्या कायद्याच्या दृष्टीने गुलामांचा विवाह हा विवाहच नव्हता. जो दाखला कायद्याने कधी जन्मालाच येऊ दिला नाही, तो आता सरकार मागत होते. आजचा धागा या कागदांविषयी, आणि ते जुळवून देणाऱ्या माणसांविषयी. थोडा लांब आहे.

२/
मूळ कायदा १४ जुलै १८६२ चा. युद्धात जायबंदी झालेल्या साध्या शिपायास पूर्ण अपंगत्वासाठी दरमहा ८ डॉलर. तो युद्धामुळे मरण पावला तर तेवढीच रक्कम विधवेला. विधवा नसल्यास १६ वर्षांखालील मुलांना. तीही नसल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला. विधवेने पुनर्विवाह केला की तिचे नाव पटावरून कमी होई आणि पेन्शन मुलांच्या नावे सुरू होई. मुलाने सोळावे वर्ष ओलांडले की तेही नाव गळे.

३/
म्हणजे प्रत्येक सैनिकामागे कुटुंबाची एक जिवंत यादी होती आणि तिच्यात नावे चढत-उतरत राहात. प्रत्येक बदलाला कागद हवा. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद लावण्यासाठी ज्यांनी हेलपाटे घातले आहेत, त्यांना हे चित्र फारसे परके वाटू नये. फरक एवढाच की येथे अर्जदार बहुधा निरक्षर होती आणि कचेरी शेकडो मैलांवर, वॉशिंग्टनला होती.

४/
गुलामांच्या विवाहाचा प्रश्न प्रथम ठामपणे मांडणाऱ्या व्यक्तींपैकी एक होती एक गोरी विधवा. १२ एप्रिल १८६४ रोजी टेनेसीतील फोर्ट पिलो येथे दक्षिणेच्या सैन्याने शरण येऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल केली. किल्ल्याचा अधिकारी मेजर लायोनेल बूथ त्याच लढाईत पडला. त्याची पत्नी मेरी बूथ पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटली. पतीच्या हाताखाली मेलेल्या शिपायांच्या स्त्रियांना कायद्याने पत्नी मानावे, ही तिची मागणी होती.

५/
लिंकन यांनी १९ मे १८६४ रोजी सेनेटर चार्ल्स सम्नर यांच्या नावे चिठ्ठी लिहून तिलाच ती घेऊन पाठविले. मुद्दा विचार करण्याजोगा आहे, या सैनिकांच्या विधवा व मुले यांना त्यांचे विवाह कायदेशीर असल्याप्रमाणेच वागवावे, असा त्या चिठ्ठीचा आशय होता.

६/
४ जुलै १८६४ च्या कायद्यात ती तरतूद आली. दाखला नको, उभयतांनी परस्परांना पती-पत्नी मानले आणि किमान दोन वर्षे तसा संसार केला, हे विश्वासार्ह साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करा. पण सोबत एक अट होती: विधवा व मुले ‘स्वतंत्र’ असली पाहिजेत. पती स्वातंत्र्यासाठी लढत मेला आणि पत्नी अद्याप कुणाच्या मळ्यावर गुलाम असेल, तर पेन्शन नाही! मार्च १८६५ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या पत्नी-मुलांना मुक्त करणारा ठराव झाला आणि जून १८६६ च्या कायद्याने दोन वर्षांची अटही गेली.

७/
आता साक्षीदार शोधणे आले. एकाच मळ्यावर राबलेले सोबती, त्याच पलटणीतून परतलेले शिपाई, आणि कधी कधी तर पूर्वीचा मालकच! ज्याने या माणसांना मालमत्तेच्या यादीत मोजले, त्याच्याकडेच ‘होय, हे नवरा-बायको म्हणून राहात’ असे लिहून मागण्याची वेळ विधवांवर आली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोचते ते हेच.

८/
मुलांच्या वयाचा प्रश्न याहून नाजूक. गोऱ्या घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-विवाह नोंदविण्याची चाल होती. अनेकांनी ती पानेच फाडून कचेरीला पाठविली. गुलाम कुटुंबांकडे पाने कुठली? तेथे सुईण प्रतिज्ञापत्र करी. मूल अमुक पिकाच्या काढणीला, अमुक सैन्य गावातून गेले त्या सुमारास झाले, अशा खुणांवरून तारीख बसवावयाची. त्या तारखेवरच पेन्शन कधी थांबणार हे ठरे.

९/
ही जुळवाजुळव करून देणारा एक व्यवसायच उभा राहिला. दाव्यांचे मुखत्यार अर्ज लिहीत, साक्षीदार गाठीत, वॉशिंग्टनशी पत्रव्यवहार करीत. त्यांतील बडे नाव जॉर्ज लेमन. त्याने १८७७ मध्ये ‘नॅशनल ट्रिब्यून’ हे माजी सैनिकांचे वृत्तपत्रच काढले. १८६४ च्या कायद्याने त्यांचे शुल्क १० डॉलरवर बांधले होते. मर्यादा घालावी लागली, यातच काय ते आले. तरीही मुखत्याराशिवाय निरक्षर विधवेचा अर्ज पुढे सरकणे अवघडच होते. अंगठ्याऐवजी ती ‘×’ अशी खूण करी. वरचा मजकूर खरा की खोटा, हे तिला कोण वाचून दाखविणार?

१०/
संशय आला की पेन्शन कचेरीचा विशेष तपासनीस गावात येई आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या घेई. ७ ऑगस्ट १८८२ च्या कायद्याने त्याच्या हाती आणखी एक हत्यार दिले. विधवा एखाद्या पुरुषासोबत उघडपणे राहात असल्याचे सिद्ध झाले, तर विवाह न करताही तिची पेन्शन बंद. आता सरकार तिच्या उंबरठ्याच्या आत डोकावू लागले.

११/
या कागदांनी कुणालाच सोडले नाही. हॅरिएट टबमनलाही नाही. शेकडो मैल पायपीट करून गुलामांना मुक्ततेकडे नेणारी, युद्धात उत्तरेसाठी हेरगिरी व शुश्रूषा करणारी ही स्त्री. तिचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस ८ व्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीत होते. १८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे विवाह झाला, १८८८ मध्ये डेव्हिस वारले.

१२/
२७ जून १८९० च्या कायद्याने पेन्शनचे दार बरेच रुंद झाले. ९० दिवस सेवा केलेल्या सैनिकाचा मृत्यू युद्धामुळे झालेला नसला, तरी गरजू विधवेला दरमहा ८ डॉलर मिळू लागले. टबमनने अर्ज केला आणि गाडे अडले. पलटणीच्या पटावर नाव होते नेल्सन चार्ल्स! भरतीच्या वेळी त्यांनी पूर्वीच्या मालकाचे आडनाव लावले होते. डेव्हिस हे वडिलांचे. दोघे एकच, हे प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करावे लागले.

१३/
पुढे पहिल्या नवऱ्याचा प्रश्न. जॉन टबमन १८६७ मध्ये मारला गेला होता, हेही तिला दाखवावे लागले. तो हयात असता तर दुसरा विवाह ग्राह्य धरला गेला नसता. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८९५ मध्ये, विधवा म्हणून ८ डॉलर मंजूर झाले. स्वतःच्या युद्धसेवेसाठी मात्र काँग्रेसला १८९९ मध्ये खास विधेयक करावे लागले: एकूण २० डॉलर, त्यांतील १२ परिचारिका म्हणून. हेरगिरीचे काही नाही.

१४/
तोवर पटावर ९ लाखांहून अधिक नावे होती. १८९८ मध्ये कचेरीने पेन्शनधारकांकडे एक छापील प्रश्नपत्रिका धाडली. पत्नीचे माहेरचे पूर्ण नाव? विवाह कधी, कोठे, कुणी लावला? नोंद कोठे आहे? पूर्वी विवाह झाला होता काय? हयात मुलांची नावे व जन्मतारखा? पुढे विधवेला वणवण करावी लागू नये म्हणून सैनिक हयात असतानाच त्याच्याकडून हे लिहून घेण्यात शहाणपण होते. मार्च १८९९ मध्ये आणखी एक उपाय आला: पत्नीला सोडून गेलेल्या सैनिकाची अर्धी पेन्शन तिला.

१५/
आज अमेरिकेत माजी सैनिकाने कुटुंबातील नाव चढविण्या-उतरविण्यासाठी भरावयाचा अर्ज ‘२१-६८६सी’ या क्रमांकाचा आहे. विवाह कोठे झाला, पूर्वीचे विवाह किती, ते मृत्यूने संपले की घटस्फोटाने, हे त्यातही विचारलेले असते. घटस्फोट वेळेवर न कळविल्यास जादा दिलेली रक्कम कर्ज म्हणून वसूल होते. पहिला दावा दाखल करून देण्यासाठी मान्यताप्राप्त प्रतिनिधींना आता शुल्क घेता येत नाही. माजी सैनिकांच्या संघटना हे काम विनामूल्य करतात.

१६/
यादवीच्या पटावरील अखेरचे नाव २०२० पर्यंत होते. प्रथम दक्षिणेकडून आणि मग उत्तरेकडून लढलेल्या एका शिपायाची ही मुलगी, वडील ८० च्या पुढे असताना १९३० मध्ये जन्मलेली. बौद्धिक अपंगत्वामुळे ‘असहाय अपत्य’ या तरतुदीखाली तिला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत. ३१ मे २०२० रोजी उत्तर कॅरोलायनात तिचे निधन झाले.