वारा राखणीला

आमचे नंदुरबार मिरचीचे गाव. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि कांडपाच्या गिरणीत गेलेला माणूस शिंकतच बाहेर येतो. घरी तिखट कुटायचे तर आमच्याकडची बाई आधी वारा पाहते. भिंती असतात, दारे असतात; पण तिखटाची धूळ दाराला विचारून थोडीच हिंडते!

याच अडचणीचे भयंकर रूप मुंबईत तुर्भे येथे आपल्या इंजिनियरांपुढे उभे राहिले. अणुभट्टीतील जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना उभारण्याचे १९५८ साली ठरले. होमी सेठना यांनी ते काम अंगावर घेतले. प्लुटोनियमचा किरण साध्या कागदाने अडतो. पण त्याचा बारीकसा कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसला, की आतल्या आत मारा करीत राहतो. त्याचे बळ निम्मे व्हायला सुमारे २४,००० वर्षे लागतात. माणसाच्या आयुष्याचा तेथे काय हिशेब?

खोली लाखबंद करावी म्हणाल, तर आतला नळ दुरुस्त करायला कोणी तरी जायचेच. दार हवे आणि दारातून धूळ मात्र नको! यावरची युक्ती मला फार आवडते. अशा कारखान्यात खोल्यांची पायरी लावतात: आधी स्वच्छ व्हरांडा, मग कामाचे दालन, मग धोक्याची कोठडी, आणि शेवटी हातमोजे बसवलेली बंद पेटी. प्रत्येक पुढच्या खोलीतून पंखे हवा थोडी अधिक ओढतात, म्हणून तेथला दाब मागच्या खोलीहून किंचित कमी राहतो. हा फरक पाण्याच्या स्तंभाच्या काही मिलिमीटरांइतका, कानालाही न कळणारा. पण फटीशी कागदाची पट्टी धरावी, तर ती आत झुकते. हवा नेहमी स्वच्छाकडून मळक्याकडे वाहते आणि अखेर गाळण्यांतून उंच धुराड्यात जाते.

दार सताड उघडले, की फटीतला जोरदार झोत मंदावतो. म्हणून मध्ये दोन दारांची लहान खोली असते. एक लागल्याखेरीज दुसरे उघडत नाही. आणि हवा ओढणारा पंखा बंद पडला, पण आत सोडणारा चालूच राहिला, तर सगळेच उलटे! तशा वेळी आत सोडणारा पंखा आपोआप थांबावा, दुसरा ओढणारा पंखा सुरू व्हावा, अशी जोडणी करावी लागते. माझ्या मते या शास्त्राचे खरे शहाणपण येथे आहे.

गाळण्यांचा धडा तेव्हा ताजाच होता. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडात विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली. तेथल्या धुराड्यांवर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी हट्टाने गाळण्या बसवून घेतल्या होत्या, आणि त्यांना ‘कॉक्रॉफ्टचा वेडेपणा’ म्हणून हसले जाई. त्या गाळण्यांनी बरीचशी धूळ अडवली. वायुरूप आयोडीन मात्र निसटले आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर मुलखातले दूध ओतून द्यावे लागले.

तुर्भ्याचा कारखाना १९६४ साली चालू झाला. २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचे उद्घाटन केले.

क्षयरोग्यांच्या आणि २०२० च्या साथीतील रोग्यांच्या विलगीकरण-खोल्यांतही हवा अशीच आत ओढतात. शस्त्रक्रियेच्या दालनात मात्र गणित उलटे: तेथे स्वच्छ हवा जास्त सोडतात, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची धूळ जखमेपाशी यायची नाही.