पितळी कर्णा आणि काळी पेटी

मराठी मालिकेत जुना वाडा उभा करायचा असो किंवा एखाद्या उपाहारगृहाला ‘पेशवाई’ थाट द्यायचा असो, कोपऱ्यात चकाकत्या पितळी कर्ण्याचा फोनो हमखास दिसतो. (पेशवाई १८१८ साली संपली आणि ग्रामोफोन त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी जन्मला, हे सोडून देऊ.) आजोबांच्या काळातील गाणे म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते. खेड्यापाड्यांतील इतिहासाशी मात्र या चित्राचा संबंध फारच थोडा आहे.

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारखे गाव घ्या. मंचर-नारायणगावच्या या टापूत आजही रेल्वे नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि खेड्यांत वीज मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती त्यानंतरच. त्याआधी गावात यंत्रातून गाणे ऐकायचे, तर ते यंत्र चावीवर चालणारे हवे आणि बैलगाडीतून किंवा एसटीच्या टपावरून धक्के खात आले तरी शाबूत राहणारे हवे. जुन्नर-आंबेगावातील कितीतरी माणसे डबेवाले किंवा हमाल म्हणून मुंबईत राबत आणि चैत्रातील जत्रेला गावी परतत. त्यांच्या सामानात मोठा कर्णा मावणारा नव्हता. मावू शकत होती ती एका हाताने उचलता येणारी, रेक्झिनने मढवलेली काळी पेटी.

या दोन यंत्रांमधील फरक समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एडिसनने १८७७ साली बनवलेल्या फोनोग्राफात आवाज नळकांड्यावर कोरला जाई आणि सुई खोबणीत वर-खाली हाले. एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडी आणली, तिच्यात सुई डावी-उजवीकडे हाले. हा बर्लिनरचा ग्रामोफोन. मराठीत दोघांनाही ‘फोनो’च म्हणत, त्यामुळे घरोघरच्या आठवणींत दोन वेगळी यंत्रे एक होऊन गेली आहेत. फ्रेड गेसबर्ग १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. १९०८ मध्ये त्याच शहरात कंपनीचा तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. मराठी रंगभूमीची मोठी हानी याआधीच होऊन गेली होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले, तबकड्यांचे युग त्यांच्या हाती लागता लागता निसटले. बालगंधर्वांना ते लाभले.

कर्णा वर काढलेली यंत्रे याच पहिल्या पर्वातील. त्यांचे कर्णे बहुधा रंगवलेल्या पत्र्याचे असत, कधी लाकडाचे, कधी पितळेचेही. पुढे कर्णा पेटीच्या पोटात गेला आणि पेटीही आटोपशीर झाली. १९१४ साली आलेली ‘डेका’ पोर्टेबल पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांबरोबर वावरली. पोर्टेबल यंत्रांची परिणती म्हणजे हिज मास्टर्स व्हॉईसचे १०२ क्रमांकाचे यंत्र. ते १९३१ साली बाजारात आले आणि पंचवीसहून अधिक वर्षे बनत राहिले. झाकण उघडले की आत तबकड्या ठेवायचा खण, हँडल अडकवायची जागा आणि सुयांची छोटी डबी. कर्णा यंत्राखाली दुमडलेला असे आणि त्याचे तोंड मागच्या बाजूला, त्यामुळे उघडे झाकणच आवाज पुढे फेकत असे. १९२५ नंतर विद्युत पद्धतीने मुद्रित होऊ लागलेल्या तबकड्यांसाठी या यंत्राच्या साउंडबॉक्समध्ये जुन्या अभ्रकाऐवजी ॲल्युमिनियमचा पडदा आला. आवाजाचा भरदारपणा विचाराल तर तो मोठ्या कर्ण्याचाच, शब्दांची स्वच्छता मात्र या पेटीत अधिक.

गाणे हळू किंवा मोठे करणारी खुंटी दोन्हींत नाही. मोठ्या आवाजासाठी जाड सुई, हळू आवाजासाठी बारीक. पोलादी सुई तबकडीची एक बाजू वाजली की बदलायची. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांनी जेमतेम तीन मिनिटे वाजते. रात्रभर वग पाहण्याची सवय असलेल्या मुलखाला, विठाबाईंच्या नारायणगावच्या शेजाऱ्यांना, ही तीन मिनिटे किती तोकडी वाटली असतील!

आता मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर या. तेथे आणि देशभरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत पितळी कर्ण्याची ‘शंभर वर्षांपूर्वीची’ यंत्रे रांगेने दिसतात. त्यांतील बहुतेकांची पेटी नवी, कर्णा नवा आणि कुत्र्याचे चित्र असलेला ठळक बिल्लाही नवा. पाश्चात्त्य संग्राहकांनी या प्रकाराला ‘क्रॅपोफोन’ असे हेटाळणीचे नाव दिले आहे. ओळखायच्या खुणा अवघड नाहीत. चौफुली खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा १९१० च्या म्हणून दाखवलेल्या यंत्राच्या मूळ सांध्यांत ते असूच शकत नाहीत. कर्ण्याचा पत्रा पातळ, त्याचे कोपर बेढब जाड. टोनआर्मची लांबी आणि बसवण्याची जागा अंदाजाने ठरवलेली, म्हणून सुई खोबणीत तिरपी चालते आणि शंभर ग्रॅमहून अधिक वजनाखाली लाखेची तबकडी खरवडत जाते.

पण अशा बनावट यंत्रातही एक भाग बहुधा खरा असतो, तो म्हणजे मोटर. स्प्रिंग, दातेरी चक्रे, तीन वजनांचा गव्हर्नर ही बारीक कारागिरी नव्याने करणे परवडत नाही, म्हणून ती जुन्या पोर्टेबलमधून काढली जाते. दिवाणखान्यात शोभेचा एक पितळी कर्णा उभा राहतो, तेव्हा बहुधा कुठल्यातरी माळ्यावरची एक अस्सल काळी पेटी मोडलेली असते. दुर्मीळ म्हणून नकली वस्तू विकली जाते आणि तिच्यासाठी खरी दुर्मीळ होत जाते.

संग्राहकांना ही पेटी मोलाची वाटते ती केवळ यंत्रासाठी नव्हे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांची सूचीबद्ध नोंद किती कामाची असते हे दाखवून दिले. पण कंपनीच्या सूचीतून कळते ते काय विकायला होते एवढेच. एका घरात काय वाजत होते, हे झाकणाखालच्या खणातून कळते: नाट्यगीताशेजारी कीर्तन आहे की लावणी, कोणती तबकडी झिजून पांढरी पडली आहे, कोणती कोरी राहिली, कोणत्या पाकिटावर दुकानाचा शिक्का आहे. मंचरच्या किंवा निरगुडसरच्या घरातली पेटी भंगारात निघते, तेव्हा मोटर एकीकडे जाते, तबकड्या किलोच्या भावाने दुसरीकडे जातात आणि रिकाम्या खोक्यात खिळेमोळे ठेवले जातात.