आयरिश ‘पीएलसी’चे शेअर्स: नवे कसे निघतात आणि डायरेक्टरला कोण वाचवतं?

पुण्यात ॲक्सेंचरमध्ये असलेल्या कुणी कंपनीचे शेअर्स घेतले असतील तर कागदावर ‘ॲक्सेंचर पीएलसी’ दिसेल. खरेदी-विक्री न्यूयॉर्कला, पण कंपनी 2009 पासून आयर्लंडची. म्हणजे कायदा तिथला, कंपनीज ॲक्ट 2014. हार्ड डिस्कवाली सीगेटही तशीच.

नवे शेअर्स काढायला डायरेक्टर्सना शेअरहोल्डर्सची किंवा कंपनीच्या घटनेची परवानगी लागते, तीही एका वेळी जास्तीत जास्त 5 वर्षांची. रोख पैशात विकायचे तर आधी जुन्या शेअरहोल्डर्सना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे विचारायचं. हे टाळायला सहसा 75 टक्के मतांचा ठराव घेतात. कर्मचारी योजनेच्या शेअर्सना यातून सूट आहे.

खरी गंमत कलम 235 मध्ये आहे. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये बाहेरच्या कुणी केस केली आणि डायरेक्टर प्रामाणिकपणे वागला असेल, तर कंपनी त्याची सेटलमेंटची रक्कमसुद्धा भरू शकते. आयर्लंडमध्ये मात्र डायरेक्टरच्या निष्काळजीपणाची किंवा कर्तव्यभंगाची भरपाई कंपनी देईल, असं कलम करारात घातलं तरी ते रद्दबातल! केस जिंकला तर वकिलाचा खर्च देता येतो. विमाही काढता येतो.

मग बऱ्याच कंपन्या काय करतात? हमी अमेरिकेतल्या उपकंपनीकडून देतात. मला हा चक्क जुगाड वाटतो, पण तो लपवलेला नसतो. अमेरिकन एसईसीच्या ‘एडगर’ साइटवर कंपनीचा फॉर्म एस-8 फुकट, मोबाईलवरही उघडतो. त्यात ‘इंडेम्निफिकेशन’ हा भाग शोधा.