दगडावरचं नाव आणि अक्षरांची मालकी

नॉर्वेत ऑस्लोच्या पश्चिमेला टिरीफ्योर्ड नावाचं सरोवर आहे. त्याच्या परिसरात २०२१ साली एका जुन्या कबरीचं उत्खनन करताना तपकिरी वालुकाश्माचा, हातभरही लांब नसलेला एक दगड सापडला. त्यावर अक्षरं कोरलेली होती. कबरीतली जळकी हाडं आणि कोळसा यांची कार्बन चाचणी झाली. काळ निघाला इसवी सन १ ते २५०. जानेवारी २०२३ मध्ये संशोधकांनी ही जगातली सर्वांत जुनी ज्ञात रूनशिला असल्याचं जाहीर केलं.

रून ही उत्तर युरोपातल्या जर्मानिक भाषांची जुनी लिपी. सुरुवातीला तिच्यात २४ अक्षरं होती. पहिल्या सहा अक्षरांवरून तिला 'फुथार्क' म्हणतात. जसं अलिफ, बे, जीम, दालवरून 'अबजद'. या दगडावर आठ अक्षरांचा एक शब्द ठळक आहे: 'इदिबेरुग'. ते कदाचित बाईचं नाव, कदाचित घराण्याचं. शेजारीच फ, उ, थ ही पहिली मुळाक्षरं आणि अर्थ न लागणाऱ्या काही रेघोट्या आहेत. कोणी तरी लिहायला शिकत असावं! पाटी गिरवणारी मुलं रोज पाहणाऱ्या शिक्षकाला हे सहज पटतं.

मेलेल्याचं नाव लिहून ठेवण्याची ही ओढ एका मुसलमान प्रवाशानेही टिपली आहे. ९२१ साली बगदादच्या खलिफा मुक्तदिरने वोल्गाकाठच्या बल्गार राजाकडे पाठवलेल्या दूतमंडळात इब्न फदलान होता. तिथे त्याने रूस लोकांच्या एका सरदाराचा अंत्यविधी पाहिला. जहाजासह प्रेत जाळून त्यावर टेकाड रचलं, लाकडी खांब रोवला आणि मृताचं व राजाचं नाव लिहिलं, असं तो सांगतो. ती अक्षरं बहुधा रूनच असावीत. खांब उरला नाही. अरबीतली नोंद उरली.

पुढे विसाव्या शतकात नाझींनी याच लिपीतलं एक अक्षर दोनदा काढून एसएसची खूण बनवली. शुद्ध वंशाची शुद्ध लिपी, असा त्यांचा तोरा. प्रत्यक्षात रून अक्षरं लॅटिन आणि इटलीतल्या जुन्या लिप्यांवरूनच घडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आपल्याकडेही उर्दू मुसलमानांची आणि मराठी हिंदूंची, असं सर्रास बोललं जातं. मग श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत का लिहीत होते? रघुपती सहाय 'फिराक' उर्दूचे मोठे शायर कसे झाले? अक्षर गिरवील त्याचं असतं. टिरीफ्योर्डच्या त्या अनाम हातालाही कोणी धर्म विचारून मुळाक्षरं शिकवली नसतील.